शंभराचे एकशे चार

मन्मथअप्पांच्या वहीतलं एक पान मी फाडलं आहे. ते गळून पडलं नाही, त्याला कसर लागली नाही, मी फाडलं. भर दुपारी, दुकानात कुणी नसताना, शिवणीला पट्टी लावून सरळ रेषेत फाडलं, म्हणजे पान गेल्याचं पटकन कळू नये. मग चार घड्या घालून पाकिटात ठेवलं आणि दोन वर्षं ते पाकीट खिशात घेऊन हिंडलो. अप्पांना जाऊन आता चौदा महिने झाले. त्यांच्याबद्दल काही लिहायला बसलो की मन आधी त्या पानाकडेच जातं, म्हणून ते आधी सांगून टाकलं. बाकीचं आता सांगता येईल.

केजला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, उद्घाटन, लग्न, श्रद्धांजली. आमच्या भागात माणसाचं काही बरंवाईट झालं की ते आधी चौकात फ्लेक्सवर लागतं, मग घरोघरी कळतं. अप्पा माझ्याकडे डिझायनर होते. त्याआधी ते पेंटर होते. शाळांच्या भिंती, सोसायट्यांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि सगळ्यात जास्त म्हणजे लग्नघरांच्या भिंती. लग्न ठरलं की घराची दर्शनी भिंत पांढरी करून तिच्यावर गणपती, दोन मोर आणि नवरानवरीची नावं काढायची आमच्याकडे पद्धत आहे. नांदूरघाटच्या अलीकडे, रस्त्यापासून आत अप्पांचं गाव. त्या बाजूच्या पाच-सात गावांत अप्पांच्या हाताशिवाय लग्नाची भिंत होत नसे. हात गुणाचा आहे म्हणायचे. त्यांनी नाव लिहिलेली पोर माहेरी परत आली नाही, असं बायका सांगायच्या.

फ्लेक्स आले आणि पेंटरांचे रंगाचे डबे वाळून गेले. अप्पा पन्नाशीच्या आसपास असताना माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "सुधाकर, मला ते माऊसचं काम शिकीव." मी हसलो होतो. सहा महिन्यांत ते माझ्यापेक्षा चांगलं कटिंग करायला लागले. कटिंग म्हणजे फोटोतल्या माणसाला त्याच्या मागच्या भिंतीपासून, झाडापासून, शेजारी उभ्या असलेल्या माणसापासून सोडवून घेणं. अप्पांनी सोडवलेल्या माणसाच्या कडेला पांढरी रेघ कधी राहिली नाही.

उंच, किडकिडीत माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात सदऱ्याच्या आत शिवलिंग. अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा. डाव्या बाहीचं बटण लावलेलं आणि उजवी बाही दोनदा दुमडलेली. गावाकडच्या लग्नांच्या भिंती सोडल्या तर ब्रश सुटला होता, तरी बाही दुमडायची सवय सुटली नव्हती. सकाळी जीपमधून उतरून आले की डबा खिडकीत ठेवायचे, खुर्चीवर बसायचे आणि माऊस उलटा करून त्याच्या पोटाखालचा लाल दिवा बघायचे. "डोळा उघडा हाय," म्हणायचे, आणि मगच काम सुरू.

माऊसच्या बाबतीत ते फार कडक होते. ब्रश घेताना जसं केस ओढून, वाकवून, ओला करून बघतात तसा त्यांनी प्रत्येक माऊस पारखला. त्यासाठी एक वही होती, शाळेतली दोनशेपानी. प्रत्येक माऊसला त्यात एक पान. पानावर पाच परीक्षा. पहिली वजनाची. शेजारच्या बंडूशेठ सराफाच्या काट्यावर नेऊन माऊस तोलायचा. बंडूशेठ चष्म्यावरून बघत विचारायचे, "अप्पा, घट किती धरू ह्यात?" अप्पा म्हणायचे, "तुमच्या सोन्याएवढी न्हाई." दुसरी परीक्षा पकडीची. तिसरी थांबण्याची: बाण जोरात पळवायचा आणि हात एकदम रोखायचा, बाण हाताबरोबर थांबला तर पास. चौथी दाढीची. नांदूरघाटच्या बाजारात काढलेला एका बोकडाचा फोटो त्यांनी जपून ठेवला होता. वाऱ्यानं दाढी उडालेली, मागं कडब्याची पेंढी. त्या बोकडाची दाढी एकेका केसानं कडब्यातून सोडवायची. जो माऊस दाढी सोडवील तो कुठलाही पुढारी सोडवील, असं त्यांचं म्हणणं होतं.

पाचवी परीक्षा शंभराची. कोऱ्या पानावर बोटानं शंभर क्लिक करायचे, तोंडानं मोजत. प्रत्येक क्लिकला एक ठिपका पडतो. मग पडद्यावरचे ठिपके मोजायचे. नव्याण्णव भरले तर माऊस बहिरा. एकशे एक भरले तर?

"तर तो वाढवून सांगतोय," अप्पा म्हणायचे. "बहिरा चालंल. वाढवून सांगणारा नको."

त्यांची आणखी एक रीत होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. श्रद्धांजलीचं काम आलं की अप्पा आधीच्या सगळ्या फाइली बंद करायचे. वाढदिवसाचा एकही फोटो पडद्यावर ठेवायचे नाहीत. हाराचं चित्र त्यांनी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं आणि त्या फोल्डरला नाव दिलं होतं, 'दुसरं'. सगळं जुळवून झालं, फक्त हार घालायचा राहिला, की ते खुर्ची मागं सरकवायचे आणि आलेल्या माणसाला पडद्याजवळ बोलवायचे. "बोट ठिवा." त्या माणसानं फोटोवर बोट ठेवून तोंडानं म्हणायचं, "हेच." मगच हार. आणि मग अप्पा चष्म्याच्या फडक्यानं पडद्यावरचा बोटाचा ठसा पुसून टाकायचे.

एकदा कळंबकडची एक बाई नवऱ्याच्या फोटोसाठी आली होती. तिचं बोट पडद्यापाशी जायचं आणि परत यायचं. गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी अप्पांना खुणावलं की जाऊ द्या, ओळखीचाच माणूस आहे. अप्पांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बाईला पाणी दिलं, स्टूल दिलं आणि स्वतः मांडीवर हात ठेवून बसून राहिले. बऱ्याच वेळानं बाईनं बोट ठेवलं, "हेच" म्हणाली आणि मग पहिल्यांदा रडली. ती गेल्यावर मी चिडून म्हणालो, "अप्पा, हे कावून? अर्धा तास गेला."

"जित्या माणसाला हार घालायची भ्या वाटती मला," ते म्हणाले. "ब्रश हुता तवा असं न्हवतं. ब्रशनं चूक करायलाबी येळ लागायचा. ह्यात लागत न्हाई."

मी ते हसण्यावारी नेलं.

चार वर्षांपूर्वी अप्पांचा उजवा हात दुखायला लागला. अंगठा आणि पहिली दोन बोटं सकाळी बधिर असायची. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मनगटातली नस दबल्याचं सांगितलं. हलका माऊस वापरा, म्हणाले. मी इंटरनेटवर पाच-सहा संध्याकाळी शोधलं आणि गेम खेळणारी पोरं वापरतात तसला एक बिनतारी माऊस मागवला. फार हलका. कवचाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. मला खरंच वाटत होतं की आपण अप्पांसाठी काहीतरी चांगलं करतोय. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं चांगलं काहीच नाही.

अप्पांनी तो हातात घेतला, भोकांतून आत बघितलं. "भुंग्यानं पोखरलेल्या लाकडागत हाय," म्हणाले. मग नेहमीसारखा उलटा केला. खाली लाल दिवा नव्हता. ह्याचा उजेड माणसाला दिसत नाही, मी समजावलं, पण तो असतो. अप्पांनी त्या काळ्या भोकापुढं बोट धरून बघितलं.

"त्याला आपण दिसतो, आपल्याला त्यो दिसत न्हाई," एवढंच म्हणाले.

पण माणूस न्यायाचा. पाची परीक्षा घेतल्या. बंडूशेठच्या काट्यावर पावणेसहा तोळे भरला. आमचा जुना अकरा तोळ्यांचा होता. वजनात पास. पकडीत पास, फक्त भोकांत धूळ जाईल अशी नोंद. थांबण्याच्या परीक्षेत तर त्यांनी मान डोलावली. तार नसून तारेच्या माऊसपेक्षा चोख थांबत होता. बोकडाची दाढी त्यांनी पाऊण तासात सोडवली. जुन्या माऊसनं दोन तास लागायचे. आणि एवढं करून हात दुखला नाही. त्यांनी मूठ उघडझाप करून बघितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर कधी बघितलं नाही.

मग शंभर क्लिक केले. ठिपके भरले एकशे चार.

त्यांनी पुन्हा केले. एकशे तीन. दुसऱ्या दिवशी सकाळी केले तर शंभराला शंभर भरले. मी खूश झालो, नवीन आहे, बसेल हळूहळू, म्हणालो. अप्पांनी माऊस खोक्यात घातला.

"कधी खरं, कधी खोटं. हे तर लईच वाईट. परत पाठव सुधाकर."

"अप्पा, हात बघा तुमचा."

"हात मपला हाय. दुखंल. पर मी एकदा म्हणलं तर एकदाच म्हणलं पायजे."

वहीच्या त्या पानावर त्यांनी पाच परीक्षांचे निकाल लिहिले, खाली तारीख घातली आणि शेवटी लिहिलं: 'शंभराचे एकशे चार. सुधाकरला सांगितलं. परत पाठवणे.' आणि ते पुन्हा जुन्या अकरा तोळ्यांच्या माऊसवर बसले.

मी तो परत पाठवला नाही. परत करायची मुदत दहा दिवसांची होती. आज करू, उद्या करू म्हणत ती गेली, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तो आवडला होता. हातात घेतला की काही धरलंय असं वाटायचंच नाही. काम आपोआप होतंय असं वाटायचं. अप्पा संध्याकाळच्या जीपनं गेले की मी तो खोक्यातून काढायचो.

एका बुधवारी अप्पा हात दाखवायला अंबाजोगाईला गेले. त्या दिवशी दुकानात दोन कामं आली, दोन्ही अप्पांच्याच गावची. एक दादारावांच्या पंच्याहत्तरीचं. दादाराव म्हणजे त्या गावचे जुने सरपंच, शंभरेक एकरांचे मालक; त्यांच्या थोरल्या मुलाचा, भागवतचा, तालुक्यात दबदबा. दुसरं काम त्याच गावातल्या एका म्हाताऱ्याच्या पहिल्या वर्षश्राद्धाचं. दोघांचेही पांढरे फेटे, दोघांच्याही जाड मिश्या. दुकानात गर्दी होती. मी अप्पांच्या कॉम्प्युटरवर बसलो, कारण तो वेगवान होता, आणि हलका माऊस लावला. दोन्ही कामं एकाच वेळी उघडली.

दादारावांचा फ्लेक्स झाला. मी त्यांच्या फोटोची खिडकी बंद करायला एक क्लिक केला. एकच. पहिल्या क्लिकनं खिडकी बंद झाली, आणि दुसरा, मी न केलेला क्लिक मागच्या श्रद्धांजलीच्या खिडकीतल्या 'पेस्ट'वर पडला आणि कॉपी करून ठेवलेले दादाराव त्या चौकटीत जाऊन बसले. हे मला नंतर उलगडलं. तेव्हा मी मान वर करून कुणाशी तरी बोलत होतो. परत बघितलं तर चौकटीत पांढरा फेटा होता, जाड मिशी होती. मी 'दुसरं' उघडलं आणि हार घातला. वर्षश्राद्धवाल्यांचा माणूस काउंटरपाशीच उभा होता. त्याला बोलावून बोट ठेवायला लावणं हे दहा पावलांचं काम होतं. मी लावलं नाही.

गुंडाळ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेम ठोकणाऱ्यानं गावच्या चौकात दोन्ही फ्लेक्स शेजारी शेजारी उभे केले. एकात दादाराव हसत होते आणि त्यांनी शतायुषी व्हावं अशी इच्छा होती. दुसऱ्यात तेच दादाराव, गळ्यात हार, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली नाव दुसऱ्या म्हाताऱ्याचं होतं, पण फोटो असला की नाव कोण वाचतं. नऊ वाजेपर्यंत तो फोटो मोबाइलवरून सगळ्या नात्यात गेला. दादारावांची बहीण तेलगावजवळ दिलेली. ती तशीच निघाली आणि वेशीपासून हंबरडा फोडत घरात आली, तर भाऊ ओसरीवर भाकरी खात बसलेला.

दादाराव स्वतः मात्र काठी टेकत चौकात गेले, मान वर करून दोन्ही फ्लेक्स बघितले आणि म्हणाले, "फोटो बरा आलाय. काढून ठिवा, उपेगी येईल." लोक हसले. पण बहीण दिवसभर बोलली नाही, असं मला नंतर कळलं.

दुपारी भागवत दुकानात आला. बरोबर दोघे. अप्पा त्या दिवशी अजून अंबाजोगाईलाच होते. तपासण्या राहिल्या म्हणून मुक्कामी थांबले होते. भागवत ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीवर बसला. मी चहा मागवला. तिघांनी चहाला हात लावला नाही. कपांवर साय धरली. मग भागवतनं समोरच्या कॉम्प्युटरकडे हनुवटी केली.

"ह्याच्यावर कोन बसतं?"

मी म्हणालो, "अप्पा बसतात."

हे वाक्य खोटं नव्हतं. मी ते आजवर हजार वेळा मनात म्हणून बघितलं आहे. त्यात खोटा शब्द एकही नाही.

"मपल्याच गावचे," भागवत म्हणाला. मग उठून गेला.

ते गेल्यावर मी वही काढली आणि पान फाडलं. भागवत परत आला आणि त्यानं वही उघडली तर? 'सुधाकरला सांगितलं', हे शब्द त्याच्या नजरेला पडले तर? माझ्या डोळ्यांपुढं तेवढंच होतं.

संध्याकाळी अप्पा परस्पर गावी गेले. चौकातले फ्लेक्स तोवर उतरवले होते, पण लोकांनी त्यांना मोबाइलवर दाखवलं असणारच. सकाळी ते नेहमीच्या जीपनं आले. डबा खिडकीत ठेवला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ड्रॉवरमधून हलका माऊस काढला, कोरं पान उघडलं आणि मोठ्यानं मोजत शंभर क्लिक केले. ठिपके मोजले. किती भरले ते मला सांगितलं नाही. मग वही घेतली, जिथं ते पान असायचं तिथं उघडली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. बधिर झालेला तोच अंगठा. त्याला काय लागलं कोण जाणे. त्यांनी वही मिटली, जागेवर ठेवली.

"चहा सांग," म्हणाले.

मी चहा सांगितला. त्या दिवशी बोलायला अख्खा दिवस होता. मी बोललो नाही.

गावातही अप्पा काही बोलले नाहीत. कुणी विचारलं तर, दुकानातून चूक झाली, एवढंच म्हणायचे. लोकांनी त्याचा अर्थ कबुली असा घेतला. तरी ते प्रकरण मिटलं असतं. दादाराव रोज चौकात बसायचे आणि अप्पांची जीप दिसली की काठी उंचावून म्हणायचे, "अप्पा, अजून हाय बे मी!" अप्पा हात जोडायचे. पण मला दुकानात म्हणायचे, "त्यांनी असं मोठ्यानं म्हणू नये."

तेविसाव्या दिवशी, दुपारची वामकुक्षी घेताना, दादाराव गेले.

कारण काय ते डॉक्टर सांगतील. पंच्याहत्तर वय होतं, साखर होती, छातीचं दुखणं जुनं होतं. पण गावानं तो फ्लेक्स बघितला होता. त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स माझ्याकडे आला नाही. दुसऱ्या गावाहून करून आणला. मी येता-जाता बघितला. फोटो तोच होता, हारही तसाच. फक्त या वेळी खालचं नाव बरोबर होतं.

तेरावा झाल्यावर भागवत पुन्हा आला, एकटाच. डोक्याचं मुंडण केलेलं. तो त्याच खुर्चीवर बसला. अप्पा समोर होते. मी काउंटरमागं उभा होतो आणि माझी बोटं खिशातल्या पाकिटावर होती.

"अप्पा, उजवा हात दाखवा," तो म्हणाला.

अप्पांनी हात पुढं केला. भागवतनं तो आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, जशी एखादी वस्तू विकत घ्यायची की नाही ते बघावं तसा. मला वाटलं हा आता मोडणार. अप्पांनी हात ओढला नाही.

"ह्या हातानं मपल्या लग्नाची भित्त रंगवली हुती," भागवत म्हणाला. हात त्यानं सावकाश टेबलावर परत ठेवला. "आता आमच्या घराला लावू नका."

बस. तो गेला. अप्पांनी उजवी बाही उलगडली आणि मनगटापर्यंत आणून बटण लावलं. अठरा वर्षांत ते बटण लावलेलं मी पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत.

दादारावांच्या घरानं ठरवलं ते गावानं ठरवलं, आणि गावानं ठरवलं ते आजूबाजूच्या गावांनी. कुणी वाईट बोललं नाही. नुसतं बोलावणं बंद झालं. भिंती दुसरे पेंटर रंगवू लागले. बारशाच्या घरी अप्पा गेले की पाळण्यापाशी बायका जरा आडव्या उभ्या राहायच्या. हे सगळं मला बंडूशेठकडून कळायचं. त्यांची सासुरवाडी त्या बाजूची. ते सांगायचे आणि वर विचारायचे, "सुधाकर, त्या दिवशी अप्पा तर अंबाजोगाईला हुते ना?" मी गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करायचो.

दोन वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्यात बंडूशेठनं सांगितलं की अप्पांच्या नातीचं लग्न निघालंय, शिवकांताचं. मुलाकडच्यांनी एकच अट घातली होती. भिंत अप्पांनी रंगवायची नाही. बीडहून पेंटर आला. तो उंचावर मोर काढत होता तेव्हा खाली त्याची शिडी धरून अप्पा उभे होते. दोन्ही बाह्यांची बटणं लावून.

शिडी धरून उभे होते, हे ऐकल्यावर मला दुकानात बसवेना. लग्न झाल्यावर आठवड्यानं मी गेलो.

अप्पा ओसरीवर होते. मागं ती भिंत. मोर बरे होते, पण अक्षरं ओळीत नव्हती. उतरत गेली होती. अप्पा तिच्याकडे पाठ करून बसले होते. मी पाकिटातून पान काढलं. घड्यांवर ते विरलं होतं. त्यांच्यापुढं ठेवलं आणि सांगायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"मला कावून सांगतो? मला तर त्याच दिवशी कळलं हुतं."

"मग तुमी बोलला कावून न्हाईत, अप्पा?"

त्यांनी विरलेल्या घड्या बोटानं सपाट केल्या. "भागवतनं गावात सांगितलं, तू म्हणलास अप्पा बसतात. मी बसतोच की तिथं. त्यात खोटं काय म्हणू? आन् तुझी लेकरं शाळंत हुती. भागवतच्या माणसांनी दुकान ठिवलं असतं का?" मग पान माझ्याकडे सरकवलं. "माफी मला मागू नको. ज्यांनी बोर्ड बघितला त्यांच्याम्होरं माग. तिथंच."

मी फ्लेक्स केला. त्याच मापाचा. जुन्या, तारेच्या माऊसवर, स्वतःचा फोटो स्वतः कापून. स्वतःच्या मानेभोवतीनं रेघ ओढत जाताना मला अप्पांची ती भीती कळली. शेजारी वहीच्या त्या पानाचा फोटो घातला, मोठा, 'सुधाकरला सांगितलं' वाचता येईल एवढा. खाली लिहिलं की दादारावांचा फोटो मी बदलला, त्या दिवशी अप्पा दुकानात नव्हते, त्यांनी मला आधी सांगितलं होतं.

तो मी सकाळी गावच्या चौकात उभा केला, दोन वर्षांपूर्वी ते दोन फ्लेक्स होते त्याच जागी. चौक हळूहळू थांबला. समोरच्या हॉटेलात भागवत बसला होता. तो उठला नाही. त्याच्या पुढ्यातल्या चहावर साय धरत होती.

अप्पा आले. फ्लेक्सला नाक लावून आधी कडा तपासल्या. वाचलं नाही, कडाच बघितल्या.

"कानामागं पांढरं ऱ्हायलंय," म्हणाले. मग दोन पावलं मागं सरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोट ठिव."

मला पुढचं माहीत होतं. असं बोट आपण कुणाच्या फोटोवर ठेवायला सांगतो तेही माहीत होतं. माझ्याच फोटोच्या छातीवर मी बोट ठेवलं. फ्लेक्स उन्हानं तापलेला होता.

"हाच," मी म्हणालो.

अप्पांनी चष्म्याचं फडकं काढलं आणि माझ्या बोटाचा ठसा पुसला. फडक्याची घडी केली, खिशात ठेवली आणि ते घराकडे चालू लागले. उंच, किडकिडीत पाठ. उजवी बाही अजून मनगटापर्यंत. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. भागवतच्या खुर्चीचा आवाज झाला. मी तिकडे बघितलं नाही. चौकातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी त्या पाठीला म्हणालो, "अप्पा, फोटो मी बदलला. पान मी फाडलं. तुमचा हात शुद्ध हाय. मला माफ करा."